गटाराची दिल्लीवारी

आमच्या घरासमोर एक गटार आहे. दिवाळी अंकातल्या लेखाचा आरंभ गटाराने करू नये, हे मला कळते. चकलीचा तुकडा मोडीत अंक चाळणाऱ्या वाचकाला पहिल्याच ओळीत गटाराचे दर्शन घडवणे शिष्टाचाराला सोडून आहे. पण या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. मला विषय सुचतात ते घर आणि कॉलेज यांच्यामधल्या दहा मिनिटांच्या वाटेवर, आणि त्या वाटेवर ताजमहाल नाही, गटार आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात त्या गटारावरची फरशी खचली. पाणी तुंबले, रस्त्यावर आले, आणि एका संध्याकाळी शेजारच्या काकू देवळातून परतताना तिथे घसरून पडल्या. मनगट मोडले. त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले, प्लॅस्टर घालून घरी आणले, आणि मग मी हातपाय धुऊन तावातावाने तक्रार लिहायला बसलो. मराठीचा प्राध्यापक रागावला की लिहितो. दुसरे काही त्याला येत नाही.

तक्रार लिहिली कोणाकडे? नगरपरिषदेची कचेरी आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. मधे एक पानपट्टी लागते, तिथे थांबले तर दहा. मी लिहिले ते थेट दिल्लीला. घरबसल्या केंद्र सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याची सोय आता झालेली आहे. चिरंजीवांनी ती मोबाईलवर उघडून दिली आणि मी आमच्या गटाराची कैफियत अस्खलित मराठीत देशाच्या राजधानीत रुजू केली.

‘‘अहो, पण नगरपालिकेत का नाही जात?’’ आमच्या सौ.नी विचारले.

‘‘तिथे कोण ऐकणार?’’

‘‘आणि दिल्लीत कोण ऐकणार?’’

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. दिल्लीत कोण ऐकणार हे मला ठाऊकच नव्हते. आणि ठाऊक नव्हते म्हणूनच तिथे कोणीतरी ऐकेल असे वाटत होते. नगरपालिकेत कोण कोण बसते ते मला चेहऱ्यानिशी माहीत आहे. त्यांतले दोघे तर माझेच विद्यार्थी. एकाला मी समास विग्रहासाठी उभे केले होते, त्याने द्वंद्व म्हणजे मारामारी असे सांगितले होते. अशा माणसावर गटार कसे सोपवावे?

मग आमच्या गटाराची वारी सुरू झाली. पोच आली. काही दिवसांनी कळले की तक्रार दिल्लीहून मुंबईला गेली. मग मुंबईहून जिल्ह्याला. प्रत्येक मुक्कामाचा निरोप येई. ‘पुढील यथोचित कार्यवाहीस्तव अग्रेषित’ हे शब्द मला पाठ झाले. मी रोज संध्याकाळी काकूंना वर्तमान सांगत असे. ‘‘आज कुठवर आलंय?’’ त्या गळ्यात अडकवलेला हात सावरीत विचारीत, जणू पालखीच यायची आहे. जिल्ह्याहून ती आमच्याच नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे आली, आणि त्यांच्याकडून, घरापासून सात मिनिटांवरच्या त्या इमारतीत, उजव्या हाताच्या तिसऱ्या टेबलावर. तिथे द्वंद्व समासवाला बसतो. चौथ्या महिन्यात उत्तर आले: ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काकूंचे प्लॅस्टर निघाले होते. फरशी खचलेलीच होती.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करतो आहे. जवळचे सरकार आपल्याला तुच्छ आणि लांबचे पूज्य का वाटते? भाषेचा मास्तर असल्यामुळे मी आधी शब्दांकडे वळलो. आपण ‘मायबाप सरकार’ म्हणतो. ‘मायबाप नगरपालिका’ असे म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. नगरपालिकेच्या सभासदाला पूर्वी ‘नगरपिता’ म्हणत, तर लोकांनी तो शब्द चेष्टेसाठीच राखून ठेवला. आता तो ‘नगरसेवक’ झाला, आणि चेष्टा चालूच आहे. ‘पंचायत’ या शब्दाचे तर काय झाले पाहा. पाचामुखी परमेश्वर अशी आपली श्रद्धा. त्याच पाचांवरून आलेला हा शब्द. पण घरात ऐन वेळी गॅस संपला की आपण म्हणतो, ‘मोठी पंचायत झाली!’ आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्याला बजावतो, ‘तुला कशाला नसत्या पंचायती?’ गावाच्या राज्यकारभाराचा शब्द अडचण आणि चोंबडेपणा या दोन अर्थांनी ज्या भाषेत रुळला, त्या भाषेच्या लोकांना सरपंचाबद्दल काय वाटत असेल ते सांगायला कोश उघडावा लागत नाही.

हे मी आमच्या राज्यशास्त्राच्या सहकाऱ्यांपुढे मांडले. ते म्हणाले, शब्द सोडा, पाहण्या बघा. आपल्याकडे ‘लोकनीती’ संस्थेच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा असे दिसते की लोकांचा मोठा विश्वास सैन्यावर आणि वरच्या न्यायालयांवर असतो, आणि पोलिस व राजकीय पक्ष यादीच्या तळाशी असतात. मी म्हटले, झाले की! सर्वोच्च न्यायालयाची पायरी आपल्यापैकी कितीजण चढले आहेत? पोलिस मात्र चौकात रोज भेटतो. दुरून डोंगर साजरे, दुसरे काय? त्यांनी मान हलवली. ‘‘मग अमेरिकेत उलटे का?’’ तिकडे गॅलप नावाची संस्था १९७२ पासून लोकांना हाच प्रश्न विचारते आहे, आणि तिकडचे साधारण दोनतृतीयांश लोक अलीकडेही आपल्या गावच्या सरकारवर भरवसा असल्याचे सांगतात. वॉशिंग्टनच्या काँग्रेसचे नाव काढले की मात्र नाक मुरडतात. तिथल्या गावाची शाळा गावाने निवडलेले मंडळ चालवते, आणि घरांवरच्या करातून गाव स्वतःचा बराचसा खर्च भागवते. म्हणजे जवळचे ते नावडते हा काही सृष्टीचा नियम नव्हे.

यावर मला माझी आत्या आठवली.

आत्या आमच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका लहान गावची सरपंच होती, १९९७ ते २००२. स्त्रियांसाठी राखीव जागा आली, यजमान मुंबईला नोकरीत, आणि ‘बाईमाणूस आहे, सांगू तिथे सही करील’ अशा खात्रीने गावातल्या कारभाऱ्यांनी तिला उभे केले. सातवी शिकलेली होती. सही करण्याआधी कागद वाचायची तिला सवय होती, ही गोष्ट कारभाऱ्यांच्या ध्यानात उशिरा आली.

१९९८ च्या पंधरा ऑगस्टची ग्रामसभा मला चांगली आठवते. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो, सुट्टीला गेलो होतो. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तितकी हजेरी लागते. एरवी ती कधी भरत नसे. मग सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसल्यामुळे सगळा कारभार चार माणसांत सुखाने उरकायचा. त्या दिवशी मात्र देवळाचा मांडव भरला होता, कारण कोणीतरी आवई उठवली होती की बाईने हिशेबात गफलत केली आहे.

आत्याने जमाखर्च मोठ्याने वाचला. दिवाबत्तीच्या रकमेशी आली तेव्हा मागून एकाने हात वर केला.

‘‘बाई, हिसाबात बलप सा हायेत. खांबावर पाचच. सावा कुटं गेला?’’

मांडवात हशा पिकला. त्या एका बल्बवर दोन तास काथ्याकूट झाला. कोणी म्हणाले सरपंचाच्या परसात, कोणी म्हणाले ग्रामसेवकाने विकला. आणि याच काळात त्याच भागासाठी सरकारची एक प्रचंड योजना उभी राहत होती. टेंभूच्या उपसा सिंचनाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली, चौदाशे कोटींच्या वर खर्चाची. पुढची पंचवीस वर्षे तिचे काम चालूच राहिले आणि खर्च काही पटींनी वाढला. त्या कोटींचा हिशेब मांडवातल्या एकानेही कधी विचारला नाही. विचारणार कोणाला? ते कोटी कोठे बसतात, त्यांचे दार कोणत्या दिशेला, हेच कोणाला माहीत नव्हते. बल्ब मात्र मोजता येत होता. पाच खांब, पाच बल्ब, सहावा कुठे? अविश्वास इतका स्वच्छ आणि इतका नेमका असू शकतो हे मी त्या दिवशी पाहिले. आज मला वाटते की त्याला अविश्वास म्हणणेच चूक आहे. लोक आत्यावर जे करीत होते ती पहारेदारी होती. आणि मुंबई-दिल्लीवर जो विश्वास ठेवीत होते तो निव्वळ कानाडोळा होता.

आत्याने सर्वांचे बोलून होऊ दिले. मग म्हणाली, ‘‘बौद्धवाड्याच्या तोंडाला लावलाय. रातचं तिकडं गेला असतास तर दिसला असता.’’

मांडव गप्प झाला. विचारणाऱ्याला सहावा बल्ब कुठे आहे ते पक्के ठाऊक होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्याला तो तिथे नको होता. त्या खांबावर वर्षानुवर्षे दिवा नव्हता. तिथल्या लोकांनी त्याआधी दोनदा कलेक्टरकडे अर्ज केले होते. दोन्ही अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन परत ग्रामपंचायतीतच आले होते. आत्याला ते कपाटाच्या खणात सापडले, एकावर एक ठेवलेले. आमच्या गटाराने जी वाट पंचवीसेक वर्षांनी तुडवली, तीच ही वाट. फक्त आमच्या वेळी ती विजेच्या वेगाने तुडवली गेली.

तिसऱ्या रात्री कोणीतरी दगड मारून तो बल्ब फोडला. आत्याने सातवा लावला, पदरच्या पैशांनी, आणि पुढच्या ग्रामसभेत तेही वाचून दाखवले.

‘‘एवढ्या शिव्या खातेस, वाईट नाही वाटत?’’ मी तिला विचारले होते.

‘‘माज्या दारात येऊन देता येत्यात म्हणून देत्यात,’’ ती भाकरी थापता थापता म्हणाली. ‘‘मंत्र्याला द्याच्या म्हटल्यावर येस्टीचं भाडं पडतंय.’’

आता इथे थांबून ‘म्हणून गावच्या सरकारवर भिस्त ठेवा’ असे मी सांगू लागलो, तर बौद्धवाड्यातला माणूस मला हसेल. गावचे सरकार जवळ असते खरे, पण कोणाला? ते ज्यांना जवळ असते त्यांनाच दगड मारायलाही जवळ असते. महाडची हकीकत आपण शाळेत वाचतो, पण तिच्यातले नगरपालिकेचे प्रकरण घाईने ओलांडून जातो. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याबरहुकूम चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर. तीन वर्षे त्या तळ्याला कोणा अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले; तेव्हा गावाने मारहाण केली आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. शेवटी १९३७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात निकाल लागला, तो अस्पृश्यांच्या बाजूने. पाणी आणि तहानलेला माणूस यांच्यातले अंतर काही पावलांचे. न्याय मात्र बोटीच्या प्रवासाइतका लांब, मुंबईत मिळाला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याची स्तुती करणाऱ्यांना फटकारले आणि गाव हा नव्हे तर माणूस हा घटनेचा घटक धरल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्या शब्दांमागे चवदार तळ्याचे पाणी होते.

आणि आत्या तरी त्या खुर्चीवर कशी आली होती? गावाने तिला हौसेने बसवले नव्हते. १९९३ मध्ये लागू झालेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा स्त्रियांना ठेवल्या म्हणून ती आली. दिल्लीने कायदा केला नसता तर आत्या चुलीपुढेच राहिली असती. आणि आत्या नसती तर दिल्लीच्या शंभर कायद्यांनी त्या खांबावर बल्ब चढला नसता, कारण खांबावर चढायला शिडी लागते आणि शिडी ग्रामपंचायतीत असते.

आपल्या थोरांना या शिडीची लाज वाटत नव्हती. जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेत सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायला त्यांनी विरोध केला, ते पैसे शिक्षणावर लावा म्हणाले. नव्या मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. जोतीराव असते तर काय म्हणाले असते कोण जाणे! गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. सरदार पटेल १९२४ ते १९२८ अहमदाबादच्या नगरपालिकेचे, आणि नेहरू १९२३ पासून काही काळ अलाहाबादच्या. देशाचा गाडा हाकण्याआधी या मंडळींनी नळ आणि मोऱ्या पाहिल्या. आज एखाद्या तरुण पुढाऱ्याला ‘आधी नगरपालिका पाहा’ म्हणावे, तर त्याला तो अपमान वाटतो. नाहीतर तो तिच्याकडे आमदारकीची पायरी म्हणून बघतो.

त्याचे तरी काय चुकले? नगरपालिकेच्या हातात ठेवले आहे काय? महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा सत्ता खाली आली म्हणून केवढा गाजावाजा झाला होता. पण खाली आलेली सत्ता वरच्याला फार दिवस पाहवत नाही. नगरपरिषदेचा मुख्याधिकारी राज्य सरकारचा. नगरपरिषदांची जकात गेली, महापालिकांची गेली. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मुंबईचीही गेली आणि तिला राज्याकडून भरपाई मिळू लागली. ज्या घरातल्या कर्त्या मुलाचा पगार बापाने परस्पर घेऊन त्याला दरमहा खर्चायला पैसे द्यावेत, त्या घरातल्या मुलाची सोसायटीत पत काय राहणार? पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींना अनुदान दिले, त्यातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेले. सरपंच गावाने थेट निवडायचा की सदस्यांनी, हे गावाला कोणी विचारले नाही. २०१७ मध्ये थेट झाला, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. मुंबईत मंत्रिमंडळ बदलले की गावातल्या खुर्चीची रीत बदलते.

हे सगळे मी तावातावाने लिहितो आहे खरे. पण माझी स्वतःची गोष्ट सांगायची राहिलीच आहे, आणि ती सांगताना ताव उतरतो.

‘निकाली काढण्यात आली’ हे उत्तर घेऊन मी शेवटी आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेकडे गेलो. आमच्यापासून पाचवे घर. त्यांच्या सासूबाईंनी चहा केला. मी मोबाईलवरची ती सारी वारी दाखवली, दिल्लीपासून तिसऱ्या टेबलापर्यंत. त्यांनी शांतपणे पाहिली.

‘‘सर, चार महिने तुम्ही दिल्लीला लिहीत होता. रोज आमच्या दारावरून कॉलेजला जाता की.’’

‘‘ताई, चुकलं. पण आता तुम्ही नगरपरिषदेत हा विषय काढा.’’

‘‘मी कुठून काढू? मी माजी आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मुदत संपून अडीच वर्षं झाली, सर. तेव्हापासून प्रशासक आहेत. सभाच होत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?’’

मला माहीत नव्हते. वाचकहो, मी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीतले डावपेच मला पाठ होते. लोकसभेच्या निकालावर मी स्टाफरूममध्ये तासभर बोललो होतो. आणि माझ्या गावात अडीच वर्षे लोकांनी निवडलेले कोणी नव्हते, ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली तेही मी वाचले असणार; वाचून पान उलटले असणार. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागांची रचना, न्यायालयातल्या तारखा, असे करीत वर्षे गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावले, तरी आमच्यासारख्या नगरपरिषदांचे मतदान व्हायला डिसेंबर उजाडला. या सगळ्या काळात कोणी रस्त्यावर उतरल्याचे मला स्मरत नाही. विधानसभेची निवडणूक तीन वर्षे न घेण्याचे धाडस कोणी करील का? लोकसभेची? नुसत्या कल्पनेने आपण ‘लोकशाही धोक्यात’ म्हणून लेख लिहू. मी स्वतः दोन लिहीन.

‘‘पण फरशीचं बघते,’’ ताई म्हणाल्या. ‘‘माजी असले तरी मुकादम ओळखतो. तुमची घरपट्टी भरलेली आहे ना? नाहीतर तो तिसऱ्या टेबलावरचा आधी तेच काढतो.’’

माझा आयकर दरमहा पगारातून कापला जातो. त्याबद्दल मी चारचौघांत अभिमानाने बोलतो. घरपट्टी दोन वर्षांची थकली होती. ती कापून घेणारे कोणी नाही, आपण होऊन जावे लागते, आणि जावे असे मला कधी वाटले नव्हते.

फरशी आठ दिवसांत बसली. किंचित तिरपी आहे, पण काकू त्यावरून निर्धास्त जातात. मी दुसऱ्याच दिवशी घरपट्टी भरायला गेलो होतो. खिडकीवर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी होती, म्हणून आतल्या बाकावर बसून राहिलो. तिसऱ्या टेबलावरच्याने डबा बाजूला सारला, हात पुसले आणि उठून उभा राहिला.

‘‘या सर. दिल्लीहून तुमचंच आलं होतं ना? मी तेव्हाच अक्षरावरून ओळखलं असतं, पण ते छापील होतं.’’

त्याने पावतीपुस्तक पुढे ओढले आणि माझे नाव शुद्ध लिहिले. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा चुकला नाही.